कुरतडणं सोडून दिलेला उंदीर

परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला उंदराची ओळख करून द्यायला नको. ज्वारीचं कणीस, भुईमुगाची शेंग, ठिबकची नळी, त्याच्या दातापुढं काही टिकत नाही. पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर खाणंच अवघड होतं. पटाशीनं कुरतडायचं आणि मागच्या दाढांनी दळायचं, यावरच उंदीर, घूस, खार अशा दोन हजारांहून जास्त जातींचं पोट चालतं.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मात्र एक उंदीर असा निघाला, की त्याला एकही दाढ नाही. लाटिमोजोंग आणि गांडांगदेवाता या डोंगरांवरच्या ओल्या जंगलात तो मिळाला. जेकब एसेलस्टिन, अनांग अचमादी आणि केविन रो यांनी २०१२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं पॉसिडेंटोमिस व्हर्मिडॅक्स. वरच्या पटाशीच्या दातांना दोन-दोन टोकं, कुरतडायला निकामी. जठरात गांडुळांचे तुकडे सापडले.

गांडूळ दळावं लागत नाही. धरायचं, तोडायचं, गिळायचं. पण आपल्या काळ्या रानात नुसत्या गांडुळांवर जगणारा उंदीर उन्हाळा काढू शकणार नाही. भेगा पडल्या की गांडुळं खोल जातात, आणि मग दाणे-मुळ्या खाता येणाराच टिकतो. सुलावेसीच्या डोंगरात शेवाळ आणि कुजका पाला बारमाही ओला. तिथं दाढ लहान झालेलं पिल्लू उपाशी मरत नाही. त्याचा वंश पुढं चालतो. ‘वापर नाही म्हणून दात गळून गेले’ असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. दात नसण्याची शिक्षा तिथं मिळाली नाही, एवढंच.

सुलावेसी आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे समुद्र ओलांडून मोजकेच प्राणी पोचले. वर डोंगरांची भर. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. माथ्यावरच्या गारव्याला सरावलेला प्राणी तळच्या उष्ण जंगलातून पलीकडच्या डोंगरावर सहसा जात नाही. बेटावरचं प्रत्येक शिखर पुन्हा एक बेटच! पुढं २०१४ मध्ये याच बेटावरून ओढ्यात शिकार करणारा वायोमिस आणि २०१५ मध्ये डुकरासारख्या नाकाचा ह्योरिनोमिस जगासमोर आला.

पिंजऱ्यात अनोळखी उंदीर सापडला म्हणजे नवी जात मिळाली, असं होत नाही. त्याची कवटी आणि दात संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात, डीएनएची तुलना करावी लागते. दाढाच नसलेला उंदीर ओळखणं त्यामानानं सोपं. खरी दमछाक होते ती वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या काढताना.

शिखर म्हणजे बेटच, हे समजायला सुलावेसीलाच जावं लागतं असंही नाही. पुण्याजवळच्या सिंहगडाच्या माथ्यावरून १९७५ मध्ये मिलार्डिया कोंडाना या उंदराचं वर्णन झालं. मराठवाड्याच्या शेतात बिळं करणारा मऊ केसांचा उंदीर, मिलार्डिया मेल्टाडा, त्याचाच भाऊबंद. हा शेतातला उंदीर भारतभर सपाटीवर पसरलेला आहे. कोंडाना मात्र सह्याद्रीतले गडमाथे धरून राहिला. आणि सिंहगड उंचीनं जेमतेम तेराशे मीटर, लाटिमोजोंगच्या निम्म्यानंही नाही.