हृदयधमन्यांतील अडथळे आणि अँजिओग्राफी (बेळगाव सीमाभाग)

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबी आणि कॅल्शियम साचून त्या अरुंद होतात. यालाच बोलीत ‘ब्लॉकेज’ म्हणतात. धमनीपर्यंत नळी नेऊन केलेली त्यांची तपासणी म्हणजे अँजिओग्राफी. माणसाच्या हृदयापर्यंत अशी नळी वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने १९२९ साली स्वतःवरच प्रयोग करून पोहोचवली होती.

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही मुख्य कारणे. निपाणी हा तर विडीच्या तंबाखूचाच मुलूख. मशेरी लावणाऱ्या बायका तिला व्यसनात धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर ‘तंबाखू नाही’ असे उत्तर जाते. मशेरी हाही तंबाखूच, तो सांगायलाच हवा.

चढ चढताना छातीवर दाब येतो, थांबल्यावर उतरतो, ही नेहमीची खूण. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये कधी नुसती धाप, घाम किंवा मळमळ दिसते. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढणे जिवावर बेतते. दुखणे थांबतच नसेल तर १०८ ला फोन करून ईसीजी असेल त्या जवळच्या दवाखान्यात जावे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगाव गाठायला वेळ लागतो, आणि धमनी बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते.

अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी सरकवतात. भूल तेवढ्या जागेपुरती. रुग्ण जागाच असतो. आयोडीनयुक्त औषध सोडताच अंगात ऊब पसरल्यासारखे वाटते, आणि पडद्यावर धमन्या काळ्या रेघांसारख्या उमटतात. मूत्रपिंडाचा त्रास, औषधाची ॲलर्जी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी हे आधीच सांगावे. रक्तस्राव, पक्षाघात असे धोके आहेत, पण गंभीर प्रकार विरळा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी मराठीत वाचून घ्यावे. त्यात संकोच कसला?

खरी कसोटी त्यानंतर लागते. रुग्ण अजून टेबलावर असताना नातेवाइकांना बाहेर विचारले जाते, ‘स्टेंट टाकायचा का?’ स्टेंट म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी. हार्ट अटॅक चालू असेल तर उशीर करू नये. बंद धमनी लगेच उघडल्याने जीव वाचतो. मात्र त्रास स्थिर असेल तर विचाराला सवड असते. अशा बहुतेक रुग्णांत स्टेंटने छातीतले दुखणे कमी होते. मृत्यू टाळण्यात तो चांगल्या औषधोपचारापेक्षा सरस ठरलेला नाही. चाळीस टक्के अडथळ्याला सहसा स्टेंट लागत नाही. मधुमेहीच्या तिन्ही धमन्या खराब असतील तर अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणारी बायपास शस्त्रक्रियाच बहुधा बरी.

स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या, गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत, दात काढायचा असला तरीही. मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

भारतात २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, पण उपचाराचा खर्च उचलणारी कर्नाटकाची सरकारी योजना आणि महाराष्ट्राची महात्मा फुले योजना यांचे नियम वेगळे. कोणते कार्ड कुठे चालते, हे भरती होण्याआधीच विचारून ठेवावे. तपासणीची सीडी आणि अहवालही मागून घ्यावा. सीमेपलीकडच्या डॉक्टरांचा सल्ला घेताना मग तीच अँजिओग्राफी सहसा पुन्हा करावी लागत नाही.