सोयाबीनचं डिझेल आणि पिकअपचा फिल्टर

जुन्या डिझेल पिकअपमध्ये सोयाबीनचं बायोडिझेल भरायला सुरुवात केली की दोन-तीन टाक्यांनंतर बऱ्याचदा गाडी चढावर दमते, पाय पूर्ण दाबला तरी ओढ लागत नाही, आणि मग सगळा दोष नव्या इंधनावर जातो. अशा वेळी आधी फ्युएल फिल्टर काढून बघा. त्याच्या कागदी घड्यांमध्ये काळपट चिकट गाळ बसलेला दिसेल, आणि हा गाळ बायोडिझेलचा नाहीच, तो साध्या डिझेलने टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचवलेला. बायोडिझेल हे मुळात चांगलं सॉल्व्हंट (घाण विरघळवणारं द्रव) आहे, ते हा थर सोडवतं आणि पुढे ढकलतं. मिश्रणात त्याचं प्रमाण जितकं जास्त तितकी ही साफसफाई जोरात. म्हणून सुरुवातीला एक जादा फिल्टर गाडीत ठेवायचा, बस.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सोयाबीन तेल म्हणजे बायोडिझेल नाही! १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं, पण आजच्या बारीक छिद्रांच्या इंजेक्टरमध्ये सरळ तेल घातलं तर वाट लागते, कारण ४० अंशाला सोयाबीन तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं, त्याचा नीट फवारा होत नाही, अर्धवट जळतं आणि कार्बन धरतो. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला फॅटी अॅसिडच्या तीन लांब साखळ्या लटकलेल्या असतात. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांच्या मदतीने त्या तिन्ही साखळ्या सुट्या करतात. ढोबळ हिशोब असा की १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल घेतलं की १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि १० किलो ग्लिसरीन खाली बसतं. मिथेनॉलशी जोडलेल्या या सुट्या साखळ्या म्हणजेच बायोडिझेल, आणि त्या जवळपास डिझेलइतक्याच पातळ असतात.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ च्या डॉज पिकअपमध्ये, ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनवर, १०० टक्के सोयाडिझेल वापरून बघितलं होतं, त्यामुळे इंजिन चालतं का हा प्रश्न खरं तर केव्हाच सुटलाय. तिथे बी२० हे मिश्रण बरंच चालतं, म्हणजे २० टक्के बायोडिझेल आणि बाकी साधं. त्याने मायलेज एक-दोन टक्के घटतं, चालवताना कळतही नाही. फायदे मात्र खरे आहेत. बायोडिझेलमध्ये वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन आधीच असतो म्हणून काजळी कमी होते, सल्फर जवळजवळ नसतो, आणि सल्फर काढलेल्या डिझेलचा गेलेला वंगणपणा एक-दोन टक्के बायोडिझेलनेही परत येतो, पंपाला ते फार मानवतं. नायट्रोजन ऑक्साइड मात्र किंचित वाढू शकतात, तेही सांगायला हवं.

थंडीचं काय? शुद्ध सोया बायोडिझेलची बरणी फ्रीजरमध्ये ठेवून बघा, शून्य अंशाच्या आसपास ते दुधासारखं ढगाळ होतं, मग मेणासारखं घट्ट. त्यातल्या संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) साखळ्या आधी गोठतात आणि ते बारीक स्फटिक परत त्या फ्युएल फिल्टरवरच जाऊन बसतात. म्हणून कडाक्याच्या थंडीत प्रमाण कमी करायचं. आणि ज्या साखळ्या गोठत नाहीत त्यांचं दुखणं वेगळं, त्यांच्यात दुहेरी बंध असतात (सोयामध्ये निम्म्याहून जास्त वाटा लिनोलिक अॅसिडचा), हवेतला ऑक्सिजन तिथेच धरतो. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी डिंकासारखा चिकट थर जमतो ना, तेच टाकीत होतं, तांबं-पितळ असेल तर आणखी लवकर. जी पिकअप महिनोन्महिने उभी राहते तिच्यात हे इंधन भरून ठेवू नका असं मी कळकळीने सांगेन. जुन्या गाडीचे साध्या रबराचे होज पण तपासा, जास्त प्रमाणाच्या मिश्रणात ते फुगतात, मऊ पडतात.

नव्या पिकअपमध्ये एक वेगळीच भानगड आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. धुराच्या नळीतला काजळी अडवणारा फिल्टर जाळून साफ करायला काही इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन मारतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. साध्या डिझेलचा हलका भाग तिथून पुन्हा उडून जातो, पण बायोडिझेल ३३० अंशांच्या वर उकळतं, ते ऑइलमध्येच राहतं आणि ऑइल पातळ होत जातं. त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ऑइल लगेच बदला.