मिरची दुपारची झोपली होती

मागच्या मे महिन्यात गच्चीवरची लवंगी मिरची मी स्वतःच्या हातानं मारली, आणि तीपण पाणी घालून घालून. दुपारी दोनला वाळत घातलेले सांडगे हलवायला वर गेले की पानं लोंबलेली दिसायची, मग काय, जीव कळवळायचा आणि मी बादली उचलायचे. आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडली, मातीला आंबूस वास यायला लागला. शेजारच्या मावशींनी बोट खुपसून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं तहान कुठली, दुपारची झोपली होती ती. सांजच्याला उठतंय का बघायचं आणि मग पाणी."

पुढं वाचत गेले तसं कळलं की मावशींनी सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं होतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, शाळेत आकृती काढलेली आठवत असेल. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं 95 टक्क्यांहून जास्त पाणी झाड तिथून वाफ करून हवेत सोडतं, आणि माठातलं पाणी जसं गार होतं तसं पान त्यानं गार राहतं. पण कोल्हापुरात पारा 37-38 च्या पुढं गेला की दुपारी वाफ जाते जास्त आणि मुळं ओढतात कमी, पेशींतला दाब उतरतो, पान मान टाकतं. मान टाकलेल्या पानावर ऊनपण कमी पडतं, म्हणजे झाडाचा फायदाच. संध्याकाळी हिशोब जुळला की परत ताठ. सकाळी सातलासुद्धा लोंबलेलं असेल आणि बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी असेल, तर मात्र खरी तहान.

माझ्या मिरचीचं काय झालं, तर मुळांनाही ऑक्सिजन लागतो. माती सतत चिखल राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरून कुजतात, कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, पान परत लोंबतं आणि आपण परत बादली घेऊन हजर!

दुपारी पानावर थेंब पडला की भिंगासारखं ऊन एकवटून पान करपतं, हे मीपण लोकांना ठासून सांगायचे. 2010 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं तर गुळगुळीत पान काही करपलं नाही, कारण थेंब पानावर चपटा बसतो आणि प्रकाश एकवटतो तो पानाच्या बराच खाली. केसाळ पानावर थेंब उचललेला राहतो, तिथं धोका असू शकतो. तरी पाणी पहाटेच घाला, कारण वेगळं आहे, गच्चीवरच्या पाइपमधलं दुपारचं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना कशाला?

आता खरं उन्हाळी काम म्हणजे माती झाकणं, आणि त्यासाठी आपल्याकडं पाचटासारखी, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यासारखी, वस्तू नाही. पाहुण्यांच्या रानात ऊस गेल्यावर पडलेलं असतं, बरेच जण पेटवून देतात, मी पोतंभर मागून आणते. कातरून कुंडीत दोन-तीन इंच थर दिला की थेट ऊन आणि वारा मातीला लागत नाही, ओल टिकते. फक्त मातीत मिसळायचं नाही हं. पाचटात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलाच नायट्रोजन खातात आणि झाड उपाशी.

टोमॅटोची फुलं गळायला लागली तर खताच्या मागं लागू नका, 35 अंशांच्या वर परागकणच नीट काम करत नाहीत, हिरवी नेट बांधा नाहीतर गप बसा. पानाखाली बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले तर लाल कोळी नावाची कीड, तिला कोरडी उष्ण हवा आवडते, सकाळी पानाच्या खालून पाण्याचा फवारा मारला की बराच आटोक्यात येतो.

मेलेल्या मिरचीची माती मी टाकून दिली नाही. मातीतली रोगट बुरशी मरावी म्हणून आपले शेतकरी उन्हाळी नांगरट करून जमीन तापवतात, त्याचाच एक प्रकार 1976 मध्ये इस्रायलमधल्या काटान नावाच्या शास्त्रज्ञानं मांडला, ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरायचं आणि चार ते सहा आठवडे उन्हात ठेवायचं. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आरपार जाऊन मातीत उतरायला पाहिजे. ओली माती यासाठी की ओलीतून उष्णता खोलवर जाते आणि ओल्या बुरशीचा जीव कोरडीपेक्षा लवकर जातो. मी चार बोटं जाडीचा थर पसरला, कडेला विटा ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात वळीव आला, वाऱ्यानं एक कोपरा उचलला आणि मी पावसात भिजत विटा शोधत होते, मावशी खिडकीतून हसत होत्या.

त्याच मातीत शेणखत घालून जूनमध्ये परत लवंगीच लावली.