आद्याक्षरी संक्षेप (जुने मराठी कागद व ग्रंथ)

शब्द पुरा न लिहिता त्याचे पहिले अक्षर तेवढे लिहून पुढे खूण करण्याची पद्धत. मोडी कागदांत ही खूण बहुधा दोन दंडांची (॥) किंवा लहान शून्याची असते. छापील पुस्तकांत तिच्या जागी टिंब आले. एकाच आद्याक्षराची अनेक रूपे संभवत असल्याने संक्षेप सोडवताना अक्षरापेक्षा त्याची जागा महत्त्वाची ठरते: मायन्यात, तारखेत, हिशेबात की संदर्भात.

पद्धत फार जुनी आहे. सारनाथच्या कनिष्ककालीन लेखात ‘सं ३ हे ३ दि २२’ असा काळ येतो. म्हणजे संवत्सर ३, हेमंताचा तिसरा महिना, दिवस २२. पुढे ‘शु. दि.’ (शुक्ल दिन) आणि ‘ब. दि.’ (बहुल, म्हणजे वद्य पक्षातला, दिन) हे संक्षेप इतके रुळले, की त्यांचेच सुदी आणि वदी हे शब्द बनले.

पत्राच्या मायन्यात तेच अक्षर लागोपाठ दोन निराळ्या शब्दांसाठी येते. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. नाव संपल्यावर गावाच्या आधी आलेला ‘रा.’ मात्र राहणारचा. मायना ठरीव असल्यामुळे इथे सहसा घोटाळा होत नाही.

तारखेत होतो. ‘छ १० मोहरम’ यातला ‘छ’ चंद्राचा आहे, हिजरी महिन्यातला चंद्र मोजण्याचा. आजच्या सवयीने ‘छ.’ म्हणजे छत्रपती असे धरले, तर वाक्यात नसलेला माणूस उभा राहतो. ‘व.’ म्हणजे वद्य, पण खुणेशिवाय आलेला ‘व’ हे उभयान्वयी अव्यय असू शकते. मागे महिना आणि पुढे १४ पर्यंतचा किंवा अमावास्येचा ३० हा आकडा असेल तरच वद्य धरावे. सर्वांत फसवे महिन्यांचे संक्षेप: ‘आ.’ आषाढ की आश्विन, ‘मा.’ मार्गशीर्ष की माघ? कागदात वार दिलेला असेल तर जंत्री (जुन्या तिथी-वारांचे कोष्टक) लावून निकाल लागतो. आषाढ आणि आश्विनातल्या त्याच तिथीत साधारण ८८-८९ दिवसांचे अंतर असते, म्हणून वार चार-पाच घरे पुढे जातो. मार्गशीर्ष ते माघ सुमारे ५९ दिवस, म्हणजे बहुधा तीन घरे. मध्ये अधिक मास आला असेल तर हा हिशेब मोडतो, म्हणून त्या शकात अधिक कोणता हे आधी पाहावे. वारच नसेल तर मजकुरातल्या घटनेखेरीज आधार उरत नाही.

हिशेबाच्या कागदात खूणच दगा देते. ‘मु॥’ मधले दोन दंड मुक्काम शब्द तोडल्याचे, पण ‘५॥’ मधले अर्ध्याचे, ५। सव्वापाच, ५॥ साडेपाच, ५॥। पावणेसहा. अक्षरापुढे दंड असतील तर संक्षेप आणि आकड्यापुढे असतील तर अपूर्णांक, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. शाई फुटून एक दंड पुसट झालेला असेल, तर खालच्या बेरजेशी ताळा घ्यावा.

संस्कृत ग्रंथांचे संदर्भ देणाऱ्या छापील पुस्तकांत गुंता वेगळाच. ‘म. भा.’ महाभारतही आणि पतंजलीचे महाभाष्यही. ‘शां. भा.’ हे ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य, पण छपाईत अनुस्वार उडाला की त्याचे ‘शा. भा.’ होऊन ते मीमांसासूत्रांवरचे शाबरभाष्य वाटू लागते. अशा वेळी पुढचे आकडे बोलतात. ब्रह्मसूत्रांचे अध्याय चार, जैमिनीच्या मीमांसासूत्रांचे बारा. तेव्हा पहिला आकडा चारच्या वर गेला की शांकरभाष्य बाद. ‘आ. श्रौ.’ हे श्रौतसूत्र (वैदिक यज्ञविधींचा सूत्रग्रंथ) आश्वलायनाचे की आपस्तंबाचे? आश्वलायन श्रौतसूत्रात १२ अध्याय आहेत, आपस्तंबात २४ प्रश्न (म्हणजे प्रकरणे). १६ हा आकडा दिसला तर आपस्तंबच. लहान आकड्यांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही, मूळ ग्रंथ उघडावाच लागतो. म्हणूनच काळजी घेणारे संपादक ‘आश्व.’ आणि ‘आप.’ असे लांब संक्षेप करतात.

महाभारताच्या पर्वांत ‘आ.’ने आदि, आश्वमेधिक आणि आश्रमवासिक अशी तीन नावे सुरू होतात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत वनपर्वाला आरण्यकपर्व म्हटल्यामुळे चौथे त्यात येऊन पडते. त्या आवृत्तीत आश्रमवासिकाचे अध्याय ४७ आणि आदिपर्वाचे २२५ आहेत, म्हणून अध्यायाचा आकडा ४७च्या वर गेला की आश्रमवासिक बाद. पण जुन्या लेखकाने दुसरी प्रत वापरली असेल तर अध्यायांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि संदर्भ चुकीचा नसूनही चुकीचा वाटतो.

कोशांत संक्षेपसूची खंडाच्या आरंभी असते. ती न पाहता अंदाजाने वाचणे हे चुकांचे नेहमीचे कारण. कोशातला ‘वि.’ विशेषणाचा असतो, पत्रातल्या विनंतीशी त्याचा संबंध नाही, ‘चि.’ बोलीच्या नोंदीत चित्पावनी, पत्रात चिरंजीव.

मोडी कागद छापताना सोडवलेली अक्षरे चौकटी कंसात द्यावीत: मु[क्काम], रा[जश्री]. एकाच कारकुनाच्या हातचे कागद एकत्र ठेवून त्याचे संक्षेप टिपावेत, कारण तोच शब्द दुसऱ्या कागदात त्याने पुरा लिहिलेला सापडतो. एका दप्तरातली फोड दुसऱ्या दप्तराला आंधळेपणाने लावू नये. दोन अर्थ सारखेच बसत असतील तर संक्षेप जसाच्या तसा छापून दोन्ही शक्यता तळटीपेत नोंदवाव्यात.