प्रवेशनिबंध (अमेरिकी महाविद्यालये)

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करताना विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहून द्यावयाचा छोटा निबंध. गुणपत्रक शाळा देते, शिफारसपत्र शिक्षक लिहितात. अर्जदाराचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः या पानावर. मराठी घरांत अधिक परिचित असलेले पदव्युत्तर प्रवेशाचे ‘एसओपी’ (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे उद्दिष्टपत्र) याहून वेगळे आहे. त्यात अभ्यासविषयाची निवड आणि पुढील बेत सांगावा लागतो; प्रवेशनिबंधात मात्र लिहिणारा कसा विचार करतो, हे वाचणाऱ्याला कळावे एवढीच अपेक्षा असते.

या प्रथेचा उगम फारसा गौरवास्पद नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील प्रवेश प्रामुख्याने परीक्षेवर ठरत असे. त्या परीक्षांत ज्यू स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने यशस्वी होऊ लागल्यावर त्यांना आवर घालण्यासाठी या संस्थांनी १९२० च्या दशकात ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व हे निकष पुढे आणले, आणि कौटुंबिक माहिती, छायाचित्र, मुलाखत यांसह स्वतःविषयीचे लेखन मागण्याची रीत त्या बदलांतून रुजली. गुणांसारखे मोजता न येणारे काहीतरी हाताशी असणे निवड करणाऱ्याच्या सोयीचे होते. पुढे शतकभराने हेच साधन उलट दिशेने कामी आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. परंतु वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिले असल्यास, ते त्याच्या धैर्याशी वा क्षमतेशी जोडून विचारात घेण्याची मुभा त्याच निकालाने ठेवली.

१९७५ मध्ये पंधरा खासगी महाविद्यालयांनी सुरू केलेला ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज आज एक हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यातील निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि दिलेल्या सात प्रश्नांपैकी एकावर लिहायचा असतो. सातवा प्रश्न मनाजोगत्या विषयाचा असल्याने बंधन नावापुरतेच उरते. अनेक महाविद्यालये याखेरीज पूरक निबंध मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्वतःच्या अर्जात आठ प्रश्न देऊन चारांची उत्तरे घेते, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत.

महाराष्ट्रातील शाळेत निबंध शिकलेल्या विद्यार्थ्याला यातील अडचण शब्दमर्यादेपेक्षा सवयीची वाटते. ‘फुलाचे मनोगत’ किंवा ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ लिहिताना सुभाषिताने सुरुवात, अलंकारिक वर्णन आणि शेवटी सर्वमान्य बोध ही चौकट हाताला बसलेली असते, आणि त्या निबंधातला ‘मी’ बहुधा कुणीही असू शकतो. इथे तोच ‘मी’ नेमका लागतो. गरिबी पाहून मन हेलावले, असे लिहिणारे पुष्कळ असतात; आजीच्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहून दिल्यावर तिला ती अक्षरे वाचता येत नाहीत हे लक्षात आले, म्हणून वारांऐवजी रंग वापरले, असे लिहिणारा एखादाच. प्रसंग लहान असला तरी चालतो, किंबहुना लहानच बरा, कारण मोठ्या प्रसंगात अर्जदार झाकला जातो. पदके आणि स्पर्धा यांच्यासाठी अर्जात वेगळी जागा असते, म्हणून त्यांची यादी येथे पुन्हा देणे म्हणजे शब्द वाया घालवणे होय.

निबंध खरोखर कोणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. ऐपत असलेली कुटुंबे सल्लागारांना पैसे देऊन मसुदे घासूनपुसून घेतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. तिने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲपच्या नियमांनुसार फसवणूक ठरते. ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधाला अंक देणे थांबवले. निबंध वाचला जातो, पण लेखनकौशल्याचे मोजमाप म्हणून त्याच्यावर तेथे आता भिस्त ठेवली जात नाही.