भटक्या मांजरांचा बचाव व संख्यानियंत्रण (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील शहरांमध्ये मालक नसलेल्या मांजरांना पिंजऱ्यात पकडून त्यांची नसबंदी करणे, त्यांना पुन्हा जागच्या जागी सोडणे आणि जखमी किंवा आईविना राहिलेल्या पिल्लांना वाढवून घर मिळवून देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. बहुतांशी ते स्वयंसेवकांच्या खिशातून आणि एखाद्या कनवाळू पशुवैद्याच्या सवलतीवर चालते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात काही प्राणिप्रेमींनी ही पद्धत स्वतःहून सुरू केली. १९७० च्या दशकात ती ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये रुळली व पुढे जगभर पसरली. खानदेशात मात्र तिला इथल्या उन्हाशी, धान्यबाजाराशी आणि जुन्या घरांशी जुळवून घ्यावे लागते.

मांजर तिथेच टिकते जिथे उंदीर आणि उरलेसुरले अन्न असते. जळगावच्या डाळमिली, चाळीसगाव, अमळनेर, दोंडाईचा येथील बाजार समित्यांची आवारे, नंदुरबारच्या धान्याच्या वखारी आणि भुसावळची रेल्वे वसाहत या तिच्या हक्काच्या जागा. पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून व्यापारी मांजरांना हुसकावत नाहीत. वखारीच्या कोपऱ्यात दुधाची वाटी ठेवणारा हमाल कुठल्याही आवारात भेटतो. जुन्या पेठांमधली धाब्याची घरे तर मांजरांसाठीच बांधल्यासारखी आहेत. सपाट मातीची छपरे एकमेकांना लागून असल्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांजर जमिनीवर पाय न ठेवता जाते. त्यामुळे पिंजरा लावणाऱ्याला रस्त्यावर बघून भागत नाही, धाब्यावर चढावे लागते, आणि त्यासाठी घरातल्या आजीची परवानगी आधी मिळवावी लागते.

मांजर मारल्याचे पाप काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, ही समजूत इकडेही घट्ट आहे. तिने मांजरांचे जीव वाचवले, पण एक वाईट सवयही लावली. मारायचे नाही म्हणून मांजर पोत्यात घालायचे आणि गावाबाहेर, बाजार समितीत किंवा मासळी बाजारात नेऊन सोडायचे. पुष्कळ घरांत पिल्लांचे डोळे उघडायच्या आत हा कार्यक्रम उरकला जातो. याला दया म्हणता येत नाही. दुधावरची पिल्ले आईविना एक-दोन दिवसांत मरतात. मोठे मांजर परत तरी येते, नाहीतर अनोळखी हद्दीत तिथल्या बोक्यांशी झुंजून, कुत्र्यांच्या तावडीत सापडून किंवा उपासाने संपते. गल्लीचा प्रश्नही सुटत नाही, कारण अन्न आणि आडोसा जागेवरच असतो. रिकाम्या हद्दीत शेजारची मांजरे येतात आणि वर्षभरात संख्या पुन्हा तेवढीच होते. मालक असलेला प्राणी त्याची उपासमार होईल अशा रीतीने वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे.

नसबंदी का, हे मांजरीच्या शरीरधर्मावरून कळते. मांजरी साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी चौथ्यातच, माजावर येते. तिचे बीज नर-मादीच्या संगानंतरच सुटते, त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते. गाभणकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेळी बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात आणि ती पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. एका बोक्याची नसबंदी केल्याने पिल्ले थांबत नाहीत, कारण त्याची जागा दुसरा बोका घेतो. म्हणून पैसे कमी असतील तर मांजरी आधी, बोके नंतर, हा क्रम बरोबर आहे. बोक्यांची शस्त्रक्रिया मात्र वाया जात नाही: रात्रीची ओरड, मुताचा उग्र वास आणि भांडणातल्या जखमा कमी होतात, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः याच असतात. एका वस्तीतली निम्मी मांजरे करून थांबले तर काही वर्षांत सगळे मुसळ केरात जाते. पाच वस्त्यांत थोडे थोडे करण्यापेक्षा एक वस्ती पुरी करावी.

माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंडीतल्या लहान दिवसांत तो ओसरतो आणि संक्रांतीनंतर दिवस वाढू लागले की बोक्यांच्या आरोळ्या सुरू होतात. तेव्हा राहिलेल्या गर्भाची पिल्ले होळीपासून पुढे, म्हणजे खानदेशचा पारा चढू लागतो तेव्हा जन्मतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. पत्र्याखालची पिल्ले त्यात तगत नाहीत. भुलीखालच्या मांजरालाही शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. म्हणून दिवाळी ते संक्रांत हा या कामाचा खरा हंगाम आहे. उन्हाळ्यात काम अडलेच तर पिंजरा पहाटे लावून उन्हे तापण्याआधी मांजर दवाखान्यात पोचले पाहिजे. दुचाकीच्या मागे उघडा पिंजरा बांधून भर दुपारी नेणे जिवावर बेतू शकते.

पकडण्याची तयारी काही दिवस आधी सुरू होते. ठरावीक जागी, ठरावीक वेळी खाणे ठेवून मांजरांना सवय लावतात आणि आदल्या दिवशी ते बंद करतात. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरतात, कारण पंजाला जाळी लागली की मांजर माघारी फिरते. आमिष म्हणून तव्यावर भाजलेले सुके बोंबील सर्वांत चांगले. त्यांचा वास दोन घरे ओलांडून जातो. ते पिंजऱ्यातल्या, पाय पडताच दार पाडणाऱ्या फळीच्या पलीकडे, अगदी शेवटी ठेवायचे, म्हणजे पुढचे दोन्ही पाय फळीवर पडल्याशिवाय तोंड पोचत नाही. दार पडताच मांजर जाळीवर धडका देऊ लागते. तेव्हा पिंजऱ्यावर लगेच जाड चादर टाकावी. अंधार झाला की बहुतेक मांजरे क्षणात गप्प बसतात. पिंजरा लावून घरी निघून जाणे अक्षम्य आहे.

मोठ्या मांजराला शस्त्रक्रियेआधी आठ ते बारा तास उपाशी ठेवतात, लहान पिल्लांना त्याहून बरेच कमी. मांजरी दूध पाजत असेल तर स्तनांभोवतीचे केस झिजलेले दिसतात. अशा वेळी आधी पिल्ले शोधावीत. ती सापडली नाहीत तर पुष्कळ पशुवैद्य पोटाऐवजी कुशीतून चिरा देतात आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावर तिला लवकर परत सोडतात. भुलीखाली असतानाच एका कानाचे, बहुधा डाव्या, टोक सुमारे एक सेंटीमीटर सरळ कापतात. या खुणेमुळे तेच मांजर दुसऱ्यांदा पकडले जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी देता येते. बोक्याला साधारण एक दिवस व मांजरीला दोन-तीन दिवस ठेवून जिथून उचलले तिथेच सोडतात.

खानदेशात खरी अडचण इथे येते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यांवर आहे, आणि शेतीच्या मुलखात ते साहजिक आहे. मांजराची शस्त्रक्रिया हातात बसलेला पशुवैद्य मोठ्या शहरांतच मिळतो. मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांच्या नसबंदीचे काम हाती घेतले. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांचा भर मात्र मुख्यतः भटक्या कुत्र्यांवर आहे. जळगाव आणि धुळे महापालिकांनी कुत्र्यांच्या कामाला मांजरांची जोड दिली, तर स्वयंसेवकांचा निम्मा भार हलका होईल.

पिल्लांच्या बाबतीत घाई घातक ठरते. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, ते उगाच नाही. ती जागा बदलत असते आणि एकेक पिल्लू नेत असते. त्यामुळे एकटे दिसलेले पिल्लू उचलण्याआधी काही तास लांबून पाहावे. आई खरोखर नसेल तर पिल्लू आधी ऊबेत घ्यावे, गार पडलेल्या पिल्लाला पाजू नये. गाईच्या दुधाने जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी दर दोन-तीन तासांनी, पोटावर पालथे ठेवून पाजावी. पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसावे लागते, कारण पहिले तीन आठवडे आईच्या चाटण्याशिवाय त्याला शी-शू होत नाही.

वस्तीत खाऊ घालणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. शेवभाजीचा रस्सा किंवा भरीत घालू नये; कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आणि तापाची पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी का होईना, कधीही देऊ नये. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही आणि एक गोळीसुद्धा जीव घेते. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी. मांजरांना विष घालणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रावेर-यावलच्या केळीबागांत आणि शहादा भागातल्या उसात तोडणीच्या वेळी सापडणारी पिल्ले या कामाच्या कक्षेत येत नाहीत. ती पुष्कळदा रानमांजराची असतात. मोठ्या रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड व टोकाकडे वळ्यावळ्यांची, कानांच्या टोकाला काळे केस. पिल्लांच्या अंगावर मात्र पट्टे असल्याने ती गावठी मांजराची वाटतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ती पाळता येत नाहीत. तेवढा पट्टा तोडायचा थांबवून पिल्ले सापडली त्याच जागी ठेवावीत, माणसे व कुत्री लांब करावीत आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे; बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.