चकतीचे नियम : कुठे फुकट, कुठे विकत

मराठी नाटकांच्या आणि लग्नांच्या व्हीसीडी दादर-परळच्या कित्येक कपाटांत अजून पडून आहेत. त्या संगणकावर उतरवून घेणाऱ्याला एक जुना प्रश्न आडवा येतो : चकतीवर माहिती कशी लिहायची, हे ठरवणारा कागद मिळतो कुठे आणि कितीला?

सुरुवातीला तो विकतच होता. फिलिप्स-सोनी यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे ‘रेड बुक’ हे नियमपुस्तक ठरवले, ते परवाना घेणाऱ्यांसाठी. १९८७ मध्ये आयईसी या विद्युत-तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यावरून मानक काढले, त्यालाही पैसे पडतात.

सीडी-रॉमपाशी, म्हणजे संगणकाच्या माहितीसाठीच्या सीडीपाशी, फाटा फुटला. फायली आणि फोल्डर कसे मांडायचे, हे हाय सिएरा नावाच्या गटाने ठरवले. ते एक्मा या मानके काढणाऱ्या संस्थेकडे जाऊन ईसीएमए-११९ झाले आणि १९८८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचे आयएसओ ९६६०. चकतीच्या रचनेचेही तसेच : ईसीएमए-१३० आणि आयएसओ-आयईसी १०१४९. आशय तोच, एक्माकडे फुकट, आयएसओकडे विकत. गंमत म्हणजे दोघांचीही कार्यालये जिनिव्हातच! एक्मा सभासद कंपन्यांच्या वर्गणीवर चालते, आयएसओच्या उत्पन्नात मानकांच्या विक्रीचाही वाटा असतो.

फुकटचा कागद काही टाकाऊ नाही. चकतीवर लिहिताना ८ बिटांचे १४ कसे होतात, २,३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये (चकतीवरच्या माहितीच्या तुकड्यात) चुका कशा दुरुस्त होतात, सगळे त्यात आहे. संगीताचा ट्रॅक आला, की मात्र हा कागद आयईसीकडे बोट दाखवतो.

व्हीसीडीत हे चांगलेच जाणवते. ‘एमपीईजीएव्ही’ हा फोल्डर दिसतो तो फुकटच्या मानकाच्या जोरावर. आतली चित्राची ‘डॅट’ फाइल १९९३ च्या ‘व्हाइट बुक’ या व्हीसीडीच्या नियमपुस्तकाची, ते पुन्हा परवान्यात. शिवाय तिथे जागा वाचवायला चूक-दुरुस्तीचे बरेच बाइट काढून टाकलेले. म्हणून ओरखडा पडलेली व्हीसीडी कॉपी करताना मध्येच अडकते.

डीव्हीडीने कुलूप आणखी घट्ट केले. चकतीची रचना ईसीएमए-२६७ मध्ये फुकट मिळते. पण चित्रपट कसा भरायचा हे सांगणाऱ्या पुस्तकासाठी तेव्हा ५,००० डॉलर मोजावे लागत आणि वर गुप्ततेच्या करारावर सही करावी लागे. हौशी प्रोग्रॅमरांनी मग पुस्तकाशिवाय, चकत्याच तपासून आतली रचना उलगडली. व्हीएलसी या फुकटच्या व्हिडिओ प्लेअरवर डीव्हीडी चालते ती त्या खटाटोपामुळे.